आधी अपराध, मग चमत्कार: मैत्री आणि प्रायश्चित्तावरच्या कल्पनारम्य चित्रपटाची पटकथा कोणत्या क्रमाने लिहावी

सोलापुरात नव्याने पटकथा लिहू लागलेली मंडळी मैत्री आणि प्रायश्चित्ताची हसवणारी, रडवणारी आणि थोडी अद्भुत अशी गोष्ट हाती घेतात, तेव्हा बहुतेक मसुद्यांत एकच चूक आढळते. आधी चमत्कार सुचतो, त्याभोवती विनोदी प्रसंग रचले जातात, आणि शेवट जवळ आला की नायकाकडून पूर्वी काहीतरी चुकले होते असे सांगून घाईघाईने क्षमा मिळवून दिली जाते. प्रेक्षक हसतो, पण त्याला काहीही भिडत नाही, कारण नायकाला स्वतःला काही करावेच लागलेले नसते. या प्रकारच्या गोष्टीत लिहिण्याचा क्रमच निर्णायक असतो, म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

समजायला सोपे जावे यासाठी एकच काल्पनिक गोष्ट शेवटपर्यंत घेतली आहे. मल्लू आणि सीनू हे दोन मित्र सोलापूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर काम करीत असत. १२ वर्षांपूर्वी कारखान्याला आग लागली आणि ठपका सीनूवर आला. आज मल्लूचा स्वतःचा लहान कारखाना आहे आणि सीनू रिक्षा चालवतो.

तयारी: पहिले दृश्य लिहिण्यापूर्वी

गोष्ट ज्या व्यवसायात घडणार आहे, तो व्यवसाय जवळून पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये. कारखान्याची गोष्ट असेल तर मालकाची परवानगी घेऊन दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही पाहाव्यात. ताणा (उभे धागे) कसा चढवतात, कांड्या (आडव्या धाग्याच्या गुंडाळ्या) कोण भरते, धोटा (आडवा धागा नेणारे साधन) अडकला की कामगार आधी काय करतो, हे टिपून घ्यावे. जकार्डकडे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेकडे, विशेष लक्ष द्यावे. छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे ओवून त्यांची लांब साखळी केलेली असते. ती मागाच्या वर फिरत राहते, आणि जिथे छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जाऊन त्याखालून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो. चादरीवरचे फूल अशा रीतीने एकेका कार्डाने, एकेका धाग्याने वर सरकत तयार होते. नक्षी हळूहळू उलगडते ही गोष्ट पटकथालेखकासाठी फार मोलाची आहे. तिचा उपयोग पुढे तिसऱ्या टप्प्यात होईल.

दुसरी टिपण्याची गोष्ट म्हणजे आवाज. माग चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कामगार एकमेकांशी बोटांनी, भुवयांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात, आणि वीज गेली की अचानक पसरणाऱ्या शांततेत कोणाचे तरी अर्धे वाक्य मोठ्याने ओरडल्यासारखे ऐकू येते. घरी बसून लिहिणाऱ्याला असे दृश्य सुचत नाही, म्हणूनच तिथे जाऊन उभे राहण्याचा आग्रह धरला आहे.

आगीचे कारणही तांत्रिकदृष्ट्या पक्के असावे. वायरमनला विचारल्यास तो सांगेल की फ्यूजची बारीक तार वारंवार उडते म्हणून काही ठिकाणी तिच्या जागी जाड तार बसवली जाते. मग भार वाढला तरी तार वितळत नाही, वायर तापत राहते, आणि कारखान्यात सर्वत्र उडणारे कापसाचे बारीक तंतू पेट घेऊ शकतात. आपल्या गोष्टीत मल्लूने अशी जाड तार बसवली होती.

*इशारा:* शहरात प्रत्यक्ष घडलेली एखादी आग, त्यात होरपळलेले कुटुंब किंवा ओळखीचा मालक कथेत घेऊ नये. व्यवसायाचा तपशील खरा असावा. माणसे आणि घटना पूर्णपणे रचलेल्या असाव्यात.

टप्पा १: अपराध नेमका ठरवा

सर्वांत अधिक वेळ याच टप्प्यावर खर्च करावा. ‘मल्लूने सीनूला दगा दिला’ एवढे लिहून पुढे जाणे हे अर्धवट काम आहे. दगा कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत दिला, हे एका परिच्छेदात लिहिता आले पाहिजे. उदाहरणार्थ: आगीच्या दुसऱ्या दिवशी मालकाने सर्वांसमोर विचारले तेव्हा मल्लू म्हणाला की सीनू रात्री मागाजवळ विडी ओढत होता. सीनू त्या रात्री विडी ओढतच नव्हता. मल्लूला भीती होती की फ्यूजमधली तार सापडली तर त्याची नोकरी जाईल, आणि त्याच्या घरी बहिणीचे लग्न ठरले होते.

एवढे लिहून झाल्यावर चार प्रश्नांची उत्तरे काढावीत. पहिला प्रश्न, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने नेमके काय गमावले? सीनूची नोकरी गेली हे वरवरचे उत्तर आहे. त्याला कोणत्याच कारखान्यात माग मिळेना, हातातली कला गेली, आणि मुलीसमोर ‘आग लावणारा’ अशी त्याची ओळख झाली, हे खरे उत्तर आहे. दुसरा प्रश्न, यातले काय परत देता येते आणि काय देता येत नाही? पैसे देता येतात, काम देता येते. १२ वर्षे देता येत नाहीत. तिसरा प्रश्न, त्या क्षणी अपराध्यापुढे दुसरा मार्ग होता का? तो असलाच पाहिजे, कारण मार्गच नसेल तर तो अपराध राहत नाही, केवळ दुर्दैव ठरते. चौथा प्रश्न, सत्य आणखी कोणाला ठाऊक आहे? आपल्या गोष्टीत कांड्या भरणाऱ्या एका वयस्क बाईने मल्लूला तार बसवताना पाहिले होते आणि ती गप्प राहिली. अशा गप्प बसलेल्या साक्षीदारामुळे गोष्टीला दुसरा पदर मिळतो, कारण तिलाही स्वतःचे काहीतरी फेडायचे असते.

येथे दोन चुका वारंवार होतात. काही लेखक अपराध इतका किरकोळ ठेवतात की क्षमा मागण्याचे कारणच उरत नाही. मित्राची सायकल न विचारता नेणे हा विनोदाचा विषय होऊ शकतो, प्रायश्चित्ताचा नाही. काहीजण उलट टोकाला जाऊन खून किंवा अत्याचार घेतात, आणि मग त्यावर हसवणारे प्रसंग लिहिणे अशक्य तर होतेच, पण पीडिताचा अपमानही होतो. हसणे आणि दुखणे एकाच चित्रपटात नांदायचे असेल, तर अपराध असा हवा की जो प्रेक्षकाच्या स्वतःच्या हातूनही घडू शकला असता.

*तपासणी:* अपराधाचा परिच्छेद घरातल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याने ‘मीही कदाचित तसेच बोललो असतो’ असे म्हणून मान खाली घातली, तर पुढे जावे. ‘किती वाईट माणूस’ एवढेच म्हटले, तर अपराध्याची भीती नीट लिहिली गेलेली नाही.

टप्पा २: मैत्री कामातून दाखवा

मैत्री सांगू नये. ‘आम्ही जिवलग होतो’ असे पार्श्वनिवेदन आणि गळ्यात हात घालून फिरण्याचे गाणे यांनी काहीच सिद्ध होत नाही. दोन मित्रांनी मिळून केलेली अशी एखादी गोष्ट शोधावी, जी एकट्याला करताच येत नाही. मल्लूच्या मागाचा धागा तुटला की सीनू आपला माग सोडून येतो, आणि गोंगाटात एकही शब्द न बोलता दोघे तुटलेली टोके शोधून गाठ मारतात, एवढे एक मिनिटाचे दृश्य पुरेसे आहे. तेच दृश्य चित्रपटाच्या उत्तरार्धात मल्लू एकटा करू पाहतो आणि त्याला जमत नाही.

मैत्री तुटली आहे हेही वागण्यातून दिसावे. पूर्वी ‘का बे मल्ल्या’ अशी हाक मारणारा सीनू आता रिक्षात बसलेल्या मल्लूला ‘कुठं सोडू, मालक?’ असे विचारतो. यापुढे कोणतेही स्पष्टीकरण लिहू नये.

सीनूला संत बनवण्याचा मोह टाळावा. तो चिडका असू शकतो, मीटरवरून भांडू शकतो, मुलीला कारखान्याच्या रस्त्याने नेण्यास हट्टाने नकार देऊ शकतो. निव्वळ सोसणारा माणूस पडद्यावर कंटाळवाणा वाटतो, आणि त्याने दिलेल्या किंवा नाकारलेल्या क्षमेला वजन राहत नाही.

टप्पा ३: चमत्काराचा नियम एका वाक्यात लिहा

आता, आणि आताच, चमत्कार आणावा. त्याची निवड करताना एकच कसोटी लावावी: हा चमत्कार अपराध्याला नेमक्या त्या ठिकाणी गाठतो का, जिथे तो लपला आहे? मल्लू खोट्यात लपला आहे. म्हणून चमत्कार खोट्याशी जोडलेला हवा. उडणारी चादर, बोलणारा घोडा किंवा भूतकाळात नेणारी रिक्षा दिसायला आकर्षक असली तरी मल्लूच्या अपराधाशी तिचा संबंध नाही.

आपला नियम असा आहे: *जुना माग जो माणूस सुरू करतो, त्याने त्या दिवशी जे खोटे सांगितले असेल त्यामागचे सत्य चादरीवर विणले जाते.* मल्लूने भंगाराच्या भावात जुना माग विकत घेतला. तो आगीतून वाचलेलाच माग आहे हे त्याला नंतर कळते. कार्डे फुलांच्या नक्षीची लावली, तरी चादरीवर भलतेच चित्र उमटते.

नियम लिहिल्यावर त्याच्या मर्यादा लिहाव्यात, कारण कथानक मर्यादांतून चालते. माग केवळ त्याच दिवसाचे खोटे विणतो. तो केवळ सुरू करणाऱ्याचेच विणतो. तो कोणालाही शिक्षा करत नाही, कोणाशी बोलत नाही आणि भविष्य सांगत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट आपोआप निष्पन्न होते: १२ वर्षांपूर्वीचे खोटे मल्लूने पुन्हा उच्चारले नाही, तर ते चादरीवर कधीच येणार नाही. म्हणजे तो सुरक्षित आहे, जोपर्यंत कोणी त्याला त्या आगीविषयी विचारत नाही. आता लेखकाचे काम स्पष्ट झाले. असा माणूस कथेत आणायचा, जो विचारेलच. सीनूची मुलगी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जुन्या कारखान्यांची माहिती गोळा करत मल्लूच्या दारात येऊन उभी राहते.

नक्षी हळूहळू उलगडते हा तयारीतला तपशील येथे कामी येतो. चित्र एकदम प्रकट होऊ नये. चादरीच्या कडेपासून एकेक धागा चढत असताना मल्लूला आधी केवळ एक रेघ दिसते, मग चौकोन, मग त्या चौकोनातली जाड तार. माग बंद करावा तर बाहेर कामगार उभे आहेत. चालू ठेवावा तर चित्र पुरे होईल. हा ताण कोणत्याही महागड्या दृश्यपरिणामाशिवाय मिळतो, आणि कमी खर्चात काम करणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

*इशारा:* मध्यंतरानंतर नियम बदलू नये. लेखक अडकला की मागाला नवी शक्ती देण्याचा मोह होतो; मग मागाने सीनूला स्वप्नात बोलावले, किंवा आगीच्या रात्रीचे चलच्चित्र दाखवले, अशी दृश्ये येतात. अशा वेळी चूक चमत्कारात नसते, पहिल्या टप्प्यातल्या अपराधात किंवा साक्षीदारात असते. मागे जाऊन तिथे दुरुस्ती करावी.

*दुसरा इशारा:* सोलापूर म्हटले की ग्रामदैवताला चमत्काराचे कारण करण्याची इच्छा अनेकांना होते. ते करू नये. श्रद्धेचा प्रश्न आहेच, पण पटकथेच्या दृष्टीनेही देवाने प्रश्न सोडवला तर मित्राला काही सोडवावे लागत नाही. चमत्काराचे मूळ अनुत्तरित राहिले तरी चालते. प्रेक्षक कारण मागत नाही, नियम मागतो.

टप्पा ४: विनोद नियमातून काढा

वेगळा विनोदी नोकर, तोतरे बोलणारा शेजारी किंवा लठ्ठपणावरचे विनोद यांची येथे आवश्यकता नाही. नियम पुरेसा आहे. मल्लू श्रावणात घरी ‘बाहेर केवळ चहा घेतला’ असे सांगतो आणि प्रत्यक्षात मित्रांबरोबर शीक (सळईवर भाजलेले मांस) खाऊन येतो. त्याच दिवशी माग सुरू करताच चादरभर एकाला एक लागून सळया विणल्या जातात. चाटी गल्लीतल्या कापड-व्यापाऱ्याला ती नवी भौमितिक नक्षी वाटते आणि तो मोठी मागणी नोंदवतो. मागणी पुरी करायची, तर मल्लूला रोज बायकोशी तेच खोटे बोलावे लागणार, आणि ते खोटे ठरावे म्हणून रोज शीकही खावे लागणार. त्याचे पोट बिघडते, बायकोला संशय येतो, आणि दारावर कच्च्या मालाच्या गाड्या उभ्या राहतात.

हा प्रसंग केवळ हसवून थांबत नाही, याकडे लक्ष द्यावे. खोट्यातून पैसा मिळू लागला की मल्लू ठरवून खोटे बोलू लागतो, म्हणजे तो पुन्हा १२ वर्षांपूर्वीच्या त्याच जागी उभा राहतो. या प्रकारच्या चित्रपटात चांगला विनोद नायकाला अपराधाच्या जवळ नेतो. ज्या विनोदी दृश्यानंतर नायक जिथल्या तिथे राहतो, ते दृश्य कितीही हशा मिळवणारे असले तरी कापावे. हा सल्ला लेखकांना सर्वांत कठोर वाटतो, पण मसुदा सर्वाधिक सुधारतो तोही यानेच.

*तपासणी:* ज्या दृश्यात सीनूचे नुकसान दिसते, त्यात विनोद कोणावर आहे ते पाहावे. मल्लूच्या धडपडीवर असेल तर ठेवावा. सीनूच्या गरिबीवर किंवा रिक्षावर असेल तर काढून टाकावा.

टप्पा ५: प्रायश्चित्ताच्या पायऱ्या क्रमाने चढवा

मल्लूला एकदम उपरती होऊ देऊ नये. त्याच्याकडून आधी चुकीचे प्रयत्न करून घ्यावेत, आणि प्रत्येक प्रयत्न आधीच्यापेक्षा महाग पडावा.

पहिली पायरी टाळण्याची. मुलीने विचारताच मल्लू सवयीने जुने खोटे पुन्हा सांगतो. संध्याकाळी चादरीवर फ्यूजची पेटी उमटते. तो ती चादर लपवतो, माग कुलूपबंद करतो आणि यंत्र बिघडले असे सांगतो. हे पुन्हा खोटेच असते.

दुसरी पायरी सौद्याची. तो सीनूला कारण न सांगता मदत करू पाहतो. निनावी पैसे पाठवतो, रिक्षाचा हप्ता परस्पर भरतो, मुलीला शिष्यवृत्तीच्या नावाखाली पैसे देतो. मल्लूला हलके वाटते, पण सीनूवरचा डाग जसाच्या तसा राहतो. सीनूला जेव्हा कळते की हप्ता कोणी भरला, तेव्हा तो आभार मानत नाही. ‘तू का भरलास?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची हिंमत मल्लूला होत नाही, आणि दोघांमधली उरलीसुरली ओळखही तुटते. बहुसंख्य मसुद्यांत याच पायरीला प्रायश्चित्त समजून चित्रपट संपवला जातो. पैसे दिले, मिठी मारली, समाप्त. तेथे थांबू नये.

तिसरी पायरी सोप्या कबुलीची. मल्लू सीनूला कारखान्यात बोलावतो आणि सर्व माग चालू असताना, त्या गोंगाटात, एका दमात सगळे सांगून टाकतो. सीनूला ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. मल्लूला ते ठाऊक आहे. म्हणूनच त्याने ही जागा निवडली. एवढ्यात वीज जाते, माग थांबतात, आणि मल्लूच्या तोंडचे ‘...विडी नव्हतीच’ हे शेवटचे दोन शब्द साऱ्या कारखान्यात स्पष्ट ऐकू येतात. सीनू काही न बोलता निघून जातो. मध्यंतर पटकथेच्या मध्यावर असला, तरी भावनिक दृष्ट्या गोष्ट खऱ्या अर्थाने दुभंगते ती येथे.

चौथी पायरी किमतीची. ज्या प्रकारच्या लोकांसमोर खोटे बोलले गेले, त्याच लोकांसमोर खरे बोलले गेले पाहिजे, आणि ते बोलल्याने मल्लूचे प्रत्यक्ष नुकसान झाले पाहिजे. जुने मालक, जुने कामगार आणि ती कांड्या भरणारी बाई यांच्यासमोर तो उभा राहतो. त्या दिवशी व्यापाऱ्याची मोठी खेप जाणार असते. सत्य सांगितल्यास व्यवहार मोडण्याची शक्यता आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असावे.

या जागी सर्वांत मोठा मोह समोर येतो. मल्लूने सकाळी मुद्दाम जुने खोटे उच्चारावे, सर्वांसमोर माग सुरू करावा आणि चादरीलाच सत्य सांगू द्यावे, असा शेवट बहुतेकांना सुचतो. तो दिसायला भव्य आहे आणि पूर्णपणे चुकीचा आहे. चादर बोलली तर मल्लू गप्प राहिला. त्याने माग सुरू करण्याआधी, शांत कारखान्यात, स्वतःच्या तोंडाने बोलावे. त्यानंतर कोणीतरी सवयीने त्याला माग सुरू करायला सांगतो आणि चादरीवर साधी फुले उमटतात, कारण त्या दिवशी लपवण्यासारखे काही उरलेले नसते. नियम पाळूनच चमत्कार निरुपयोगी झाला, असा हा शेवट आहे, आणि त्याची सारी तयारी तिसऱ्या टप्प्यातच झालेली आहे.

*इशारा:* सीनूने क्षमा केलीच पाहिजे असे नाही. तो क्षमा करणार असेल, तर लगेच नाही आणि शब्दांत नाही. कबुलीनंतर त्याच्यासाठी किमान दोन दृश्ये स्वतंत्र ठेवावीत: एक मुलीबरोबरचे, ज्यात १२ वर्षांचा डाग पुसला जातो, आणि एक त्याचे एकट्याचे, ज्यात त्याचा राग बाहेर येतो. या दोन दृश्यांशिवाय लिहिलेली मिठी मल्लूच्या सोयीची असते.

टप्पा ६: दृश्यांची यादी

प्रमाणित मांडणीत पटकथेचे एक पान ढोबळमानाने पडद्यावरचे एक मिनिट धरले जाते. त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटासाठी साधारण १२० पानांची मर्यादा समोर ठेवावी. प्रत्येक दृश्य एका कार्डावर, तीन ओळींत लिहावे: कोणाला काय हवे आहे, कोण आडवे येते, आणि शेवटी काय बदलले. तिसरी ओळ सुचत नसेल तर ते कार्ड बाजूला काढावे. चमत्काराचे पहिले दर्शन पहिल्या २० पानांत यावे, आणि प्रेक्षकाला मल्लूचा अपराध मध्यंतराच्या आधी कळावा. तो शेवटपर्यंत रहस्य म्हणून राखून ठेवल्यास प्रेक्षक मल्लूच्या धडपडीत सहभागी होऊ शकत नाही. लघुपट असेल तर एक विनोदी प्रसंग, एक चुकीचा प्रयत्न आणि कबुली एवढेच ठेवावे.

टप्पा ७: संवादांची भाषा

सोलापुरात एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी ऐकू येते. सीनूच्या घरी तेलुगू, मल्लूच्या घरी कन्नड आणि दोघांमध्ये सोलापुरी मराठी, ही मांडणी नैसर्गिक आहे. ‘काय करलालास बे’ सारखी वाक्ये मित्रांमध्ये शोभतात. तीच मालकासमोर, व्यापाऱ्यासमोर किंवा मुलीशी बोलताना तशीच ठेवली, तर माणसे खोटी वाटतात. बोलीचा उपयोग हशा काढण्यासाठी करू नये. रागाच्या किंवा दुःखाच्या क्षणी माणूस घरच्या भाषेत जातो, म्हणून सीनूचा एकटेपणातला राग तेलुगूत असावा, आणि ते संवाद त्या भाषेच्या माणसाकडूनच लिहून घ्यावेत. यंत्रावर केलेले भाषांतर कलाकाराच्या तोंडी देऊ नये.

टप्पा ८: जागा, ऋतू आणि परवानग्या लिहितानाच विचारात घ्याव्यात

मे महिन्यात सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या छताखाली काम करणे कलाकारांना सोसत नाही. कारखान्यातली लांब दृश्ये हिवाळ्यात चित्रित होतील अशा रीतीने ऋतू लिहावा. चालू कारखान्यात ध्वनिमुद्रण शक्य नसते, म्हणून संवादाची दृश्ये माग बंद असताना किंवा कारखान्याबाहेर ठेवावीत. मागाचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर जोडता येतो.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, ७ नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पडद्यावर घेण्याची ओढ स्वाभाविक आहे. तथापि, ही गर्दी आपल्या सोयीने पुन्हा उभी करता येत नाही. कबुलीचे मुख्य दृश्य तिथे ठेवू नये. यात्रेतून जाणारी सीनूची रिक्षा, गड्ड्यावरच्या पाळण्यांचे दिवे, एवढी संवादविरहित दृश्ये लिहावीत. भुईकोट किल्ला हवा असेल तर पुरातत्त्व विभागाकडे, रेल्वे स्थानक हवे असेल तर रेल्वेकडे, आणि रस्त्यावरच्या चित्रीकरणासाठी पोलीस व महापालिकेकडे पूर्वपरवानगीचा अर्ज करावा लागतो. यांपैकी एकही जागा कथेला अनिवार्य नसेल, तर ती कमी करावी.

सीनूची मुलगी लहान वयाची लिहिली, तर बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. मुलीला महाविद्यालयात शिकणारी ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

पडद्यावर तंबाखूचे सेवन दाखवल्यास वैधानिक इशारा आणि आरोग्यविषयक चित्रफीत जोडावी लागते. आपल्या गोष्टीत आरोप विडीचा असला तरी ती विडी कधी पेटलेलीच नव्हती. म्हणून ती पडद्यावर आणण्याची गरज नाही, आणि न आणणेच कथेच्या दृष्टीने अधिक योग्य आहे.

टप्पा ९: वाचन आणि नोंदणी

पहिला पूर्ण मसुदा मोठ्याने वाचून घ्यावा. वाचनाला किमान एक यंत्रमाग कामगार, एक तेलुगूभाषक आणि या क्षेत्राशी काहीही संबंध नसलेली एक व्यक्ती असावी. लेखकाने स्वतः वाचू नये आणि मध्ये खुलासा करू नये. लोक कुठे हसले याच्या नोंदी करणे सोपे असते. कोणत्या पानावर त्यांनी मोबाइल हातात घेतला, हे टिपणे अधिक उपयोगाचे ठरते. वाचनानंतर एकच प्रश्न विचारावा: मल्लूने नेमके काय गमावले? तिघांची उत्तरे वेगवेगळी आली, किंवा ‘काहीच नाही’ असे आले, तर पाचवा टप्पा पुन्हा लिहावा.

मसुदा निर्मात्याला दाखवण्यापूर्वी त्याची नोंदणी करावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना ती ऑनलाइन करता येते, आणि केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृती म्हणून नोंद होते. केवळ कल्पनेला कायद्याचे संरक्षण नसते, लिहिलेल्या मांडणीला असते; त्यामुळे दोन पानांचा सारांश न नोंदवता संपूर्ण पटकथा संवादांसह नोंदवावी. वाचनानंतर शेवट किंवा चमत्काराचा नियम बदलला असेल, तर बदललेल्या मसुद्याची नव्याने नोंदणी करून त्यावर तारीख आणि मसुद्याचा क्रमांक स्पष्ट घालावा.